तब्रीझ येथील कवींचा मकबरा

मराठींतील ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शाइर’ ह्या शब्दावरून आला, आणि ‘मकबरा’ हा शब्द तर बीबीच्या मकबऱ्यामुळें आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. हे दोन ओळखीचे शब्द एकत्र आले म्हणजे इराणांतील तब्रीझ शहराच्या एका स्थळाचें नांव तयार होतें : मकबरतुश्शुअरा, म्हणजे शाइरांचा, कवींचा मकबरा. राजांचे मकबरे पृथ्वीवर पुष्कळ आहेत. साधुसंतांचीं स्थानें त्यांहूनही अधिक आहेत. एखाद्या थोर कवीची समाधि ठिकठिकाणीं दाखविली जाते. परंतु एका नव्हे, अनेक कवींच्या नांवानें शतकानुशतकें ओळखली जाणारी दफनभूमि विरळाच. ह्या स्थळाचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण तो आपल्यापुढें एक प्रश्नही टाकतो. कवीचें थडगें हरवलें, तर नेमकें काय हरवतें ?

तब्रीझ हें इराणच्या वायव्य भागांतील, पूर्व आझरबैजान प्रांताचें मुख्य शहर. शहराच्या उत्तरेस तांबूस रंगाचे उघडे डोंगर आहेत, व त्यांच्या पायथ्याशीं सुर्खाब नांवाचा जुना मोहल्ला आहे. ‘सुर्ख’ म्हणजे तांबडा. ह्याच मोहल्ल्यांत, सय्यद हमजा ह्यांच्या दर्ग्याजवळ, कवींची दफनभूमि होती. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशास जुनाट घुमट किंवा झिजलेले शिलालेख दिसत नाहींत. दिसतात त्या एकमेकींत गुंतलेल्या, आकाशाकडे निमुळत्या होत गेलेल्या काँक्रीटच्या उंच कमानी. गुलामरजा फर्जानमेहर ह्या वास्तुशिल्पज्ञाची ही कल्पना. १९७० नंतरच्या दशकांत हें बांधकाम झालें. येथें दफन झालेल्यांची संख्या चारशेंहून अधिक सांगतात. त्यांत कवि आहेत, सूफी आहेत, विद्वान आहेत. प्रवाशाच्या ओठांवर साहजिकच प्रश्न येतो : खाकानीची कबर कोणती ? असदी कोठें निजला आहे ? त्यास कोणी बोटानें जागा दाखवूं शकत नाहीं. त्या चारशेंपैकीं बहुतेकांची माती त्या भूमींत कोठेंतरी आहे, इतकेंच सांगतां येतें.

ह्यास कारण भूकंप. तब्रीझच्या अगदीं उत्तरेकडून, ह्याच डोंगरांच्या पायथ्यालगत, भूगर्भांतील एक लांबलचक भेग गेलेली आहे. तिच्या हालचालींनीं हें शहर पुनःपुन्हा जमीनदोस्त केलें. इ. स. १०४२, १२७३, १७२१ आणि १७८० हीं त्यांतील ठळक सालें होत. पहिल्या भूकंपानंतर चारच वर्षांनीं, १०४६ त, नासिर खुस्रव हा कवि व प्रवासी तब्रीझला येऊन गेला. शहराचा एक भाग कोसळला, दुसरा शाबूत राहिला आणि चाळीस हजार माणसें दगावलीं, असें तेथील लोकांनीं त्यास सांगितलें. तें त्यानें आपल्या ‘सफरनामा’ ग्रंथांत नमूद केलें आहे. १७८० च्या भूकंपांत तर १४६५ सालीं बांधलेल्या प्रसिद्ध निळ्या मशिदीचा घुमट खालीं आला, व मुख्यतः तिचें भव्य प्रवेशद्वार तेवढें उभें राहिलें. जेथें मशिदीची ही गत, तेथें कवींच्या साध्या दगडांची कथा काय !

ह्या कबरी पूर्वीं लोकांस माहीत होत्या, ह्यांत संशय नाहीं. हमदुल्ला मुस्तौफी ह्यानें १३४० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भूगोलग्रंथांत सुर्खाब येथील कवींच्या दफनस्थानाचा उल्लेख केला असून, खाकानी व झहीर फारयाबी ह्यांचीं नांवें दिलीं आहेत. सोळाव्या शतकांत हाफिज हुसेन करबलाई ह्यानें तब्रीझमधील थडग्यांवरच एक विस्तृत ग्रंथ रचला. म्हणजे तोंपर्यंत तरी येथें फुलें वाहण्यास येणाऱ्यास वाट दाखविणारे लोक होते. पुढील दोन शतकांतील दोन महाभूकंपांनीं दगडही नेले आणि दगड ओळखणारेही नेले.

भूकंपास राव आणि रंक हा भेद ठाऊक नसतो. इराणचा मोगल बादशहा गाझान खान ह्याची राजधानी तब्रीझ. ह्यानें शहराच्या पश्चिमेस स्वतःसाठीं एक प्रचंड घुमट उठविला, त्याच्या सभोंवार मद्रसे, ग्रंथालय, वेधशाळा वगैरे वसविलीं, व १३०४ त मरण पावल्यावर तो त्या घुमटाखालीं निजला. आज तो घुमट उरलेला नाहीं. ज्याला काळावर मात करावयाची होती तो बादशहा आणि ज्यांना एवढीं साधनें कधींच नव्हतीं ते कवि, हे दोघेही आपापलीं थडगीं गमावून बसले. फरक पडला तो त्यापुढें.

तो फरक पाहण्यापूर्वीं इराणांतील इतर कविसमाधींकडे एकवार नजर टाकणें इष्ट आहे. विसाव्या शतकांत त्या देशानें आपल्या थोर कवींचीं स्मारकें मोठ्या हौसेनें उभारलीं. १९३४ त तूस येथें फिरदौसीच्या नव्या समाधीचें उद्घाटन रजाशाह पेहलवी ह्यांच्या हस्तें झालें, आणि त्या निमित्तानें देशोदेशींचे पंडित जमले. त्याच दशकांत शिराझ येथें हाफिजच्या कबरीवर नवी छत्री उभी राहिली. १९५२ त सादीचें व १९६३ त निशापूर येथें उमर खय्यामचें स्मारक पूर्ण झालें. नवें राष्ट्र स्वतःस जुन्या कवींच्या खांद्यावर उभें करूं पाहत होतें. त्यांत राजकारण होतें हें उघड आहे, पण कृतज्ञता नव्हती असें कोणी म्हणूं नये.

त्या ठिकाणीं निदान एक आधार होता. बाराव्या शतकांतील निजामी अरूजी हा लेखक सांगतो, कीं फिरदौसीस सार्वजनिक दफनभूमींत जागा देण्यास तेथील एका धर्मोपदेशकानें हरकत घेतली, म्हणून त्यास त्याच्या स्वतःच्या बागेंत पुरावें लागलें; ती कबर निजामीनें स्वतः पाहिली होती. खय्यामच्या निशापूर येथील कबरीवर शेजारच्या बागेंतील फळझाडांचा मोहर पडलेला पाहून तो गहिंवरला, असेंही तो लिहितो. एक माणूस, एक कबर, एक पाहणारा : अशी ती साखळी आहे. तब्रीझ येथें ती तुटलेली आहे. म्हणून कोणी असा आक्षेप घेईल, कीं ज्याचा ठावठिकाणा नाहीं त्याच्यावर कमानी उभारणें हा केवळ देखावा होय. मला तो आक्षेप मान्य नाहीं. खोटें बोललें असतें तर तें स्मारक असत्य ठरलें असतें. चार दगड मांडून ‘हा खाकानी, हा असदी’ असें सांगणें कांहीं कठीण नव्हतें. तसें न करतां सर्वांवर मिळून एकच छत्र धरलें, ह्यांत मला प्रामाणिकपणा दिसतो. मात्र ह्या कवींचें खरें स्मारक ह्या कमानी नव्हेत. तें कोठें आहे हें पाहावयाचें, तर त्या मातींतील माणसांचीं चरित्रेंच उलगडलीं पाहिजेत.

प्रथम कतरान. हा अकराव्या शतकांतला, आणि तब्रीझजवळच्याच खेड्यांतला. नासिर खुस्रवाची व त्याची १०४६ त भेट झाली. कतरान कविता चांगली करतो, पण त्यास फारशी नीट येत नाहीं, असा शेरा नासिरनें मारला आहे. आणि कतराननें जुन्या खुरासानी कवींचे दिवाण त्याच्यापुढें आणून त्यांतील अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले, असेंही लिहून ठेवलें आहे. हें वाचून प्रथम हसूं येतें. पण त्यांतील मर्म निराळें आहे. काव्याची फारशी ही त्या काळीं पूर्वेकडील खुरासानची भाषा होती. तब्रीझच्या घरांतून निराळीच इराणी बोली चालत असे. कतरान ज्या भाषेंत कविता लिहीत होता ती त्याच्या आईची बोली नव्हती. ती त्यानें शिकून, विचारून, कष्टानें आपलीशी केली होती. १०४२ च्या भूकंपावरील त्याचा कसीदा प्रसिद्ध आहे. आपल्या शहराचा नाश त्यानें ह्या शिकलेल्या भाषेंत गायिला, आणि तें गाणें आज हजार वर्षें टिकलें.

कतरानची अडचण एकट्याची नव्हती, ह्याचा पुरावा म्हणजे असदी. हा मूळचा तूसचा, म्हणजे फिरदौसीच्या गांवचा. तो पश्चिमेस आला, नखजवानच्या राजाच्या आश्रयास राहिला, आणि तेथें १०६६ त त्यानें ‘गर्शास्पनामा’ हें वीरकाव्य पुरें केलें. इकडील कवींस पूर्वेकडील शब्द अडतात हें पाहून त्यानें ‘लुगत-इ-फुर्स’ हा कोश केला. आज उपलब्ध असलेल्या फारशी कोशांत तो सर्वांत जुना होय. शब्दांची मांडणी त्यानें अखेरच्या अक्षरावरून केली, कारण कवीस यमकासाठीं शब्द हवा असतो. आणि प्रत्येक शब्दास जुन्या कवींच्या ओळींचे दाखले दिले. पुढें त्या कवींपैकीं कित्येकांचे दिवाण नष्ट झाले, आणि त्यांच्या कवितेचा जो कांहीं अंश आपल्या हातीं लागतो त्यांतील बराचसा ह्या कोशांतील दाखल्यांमुळें. रूदकी हा फारशी कवितेचा आद्य महाकवि. त्याच्याही कित्येक ओळी ह्याच वाटेनें आपणांपर्यंत आल्या. असदीनें कोश लिहिला तो शब्दार्थासाठीं. घडला तो कवींचा मकबरा. ह्याच असदीच्या हस्ताक्षरांतील औषधिशास्त्रावरील एका ग्रंथाची प्रत व्हिएन्ना येथें आहे. ती १०५५-५६ सालची असून, तारीख असलेल्या फारशी हस्तलिखितांत ती सर्वांत जुनी मानली जाते. त्याची कबर कोणती हें आपण सांगूं शकत नाहीं. पण त्याचें अक्षर आपण ओळखतों!

कोशाची ही महती मराठी वाचकांस पटवून देण्याची गरज नाहीं. फारशीच्या सान्निध्यांत वाढलेल्या आपल्या भाषेसही असेच कोश करावे लागले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशां’त दरबारी फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तेथें हेतु परभाषेच्या तावडींतून सुटण्याचा होता. पुढें राज्यें गेलीं, पण जुने दप्तर वाचावयाचें तर त्याच शब्दांचे अर्थ पुन्हा शोधणें भाग पडलें, व १९२५ त माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे आपल्या माधव जूलियनांचा, ‘फारशी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. हे फारशीचे प्राध्यापक. खय्यामच्या रुबायाही त्यांनींच मराठींत आणल्या. एकानें जो शब्द दाराबाहेर ठेवला तोच दुसऱ्यानें आदरानें आंत बोलाविला; आणि दोघांचीही सेवा मराठीचीच.

आतां खाकानीकडे वळूं. ह्याचा जन्म ११२१-२२ च्या सुमारास शिरवान प्रांतांत झाला. बाप सुतार, आई मूळची नेस्टोरियन ख्रिस्ती. चुलता वैद्य होता, त्यानें ह्यास वाढविलें व शिकविलें. शिरवानच्या राजांचा हा दरबारी कवि झाला, त्यांच्याच कैदेंतही पडला, आणि त्या कैदेंत रचलेल्या त्याच्या कसीद्यांत मातेच्या ख्रिस्ती धर्मांतील संज्ञांची अशी गर्दी आहे, कीं टीकाकारांस आजही तेथें घाम फुटतो. यात्रेच्या प्रवासांत त्यानें बगदादनजीकचा मदाइनचा पडका राजवाडा पाहिला. सासानी बादशहांच्या त्या विख्यात कमानीसमोर उभें राहून त्याला जें सुचलें तें फारशीतील एक अत्यंत प्रसिद्ध काव्य ठरलें : जेथें बादशहा दरबार भरवीत, तेथें आतां काय उरलें, ही त्यांतली व्यथा. पुढें तरुण मुलगा गेला, मन दरबारांतून उठलें, आणि उत्तर आयुष्य तब्रीझमध्यें काढून तो सुर्खाबच्या मातींत निजला. पडक्या कमानीपुढें अश्रु ढाळणाऱ्या ह्या कवीच्या मातीवर आज नव्या कमानी उभ्या आहेत. त्या पाहून त्याला काय वाटलें असतें, तें मदाइनवरील कविता वाचणाऱ्यास सांगावयास नको.

झहीर फारयाबीची गोष्ट दुसऱ्या प्रकारची. हा आजच्या अफगाणिस्तानांतील फारयाबचा. आश्रयदाता शोधीत तो निशापूर, इस्फहान असें करीत आझरबैजानच्या अताबेगांपर्यंत येऊन पोहोंचला. किझिल अर्सलान ह्या अताबेगाच्या स्तुतींत त्यानें अतिशयोक्तीची अशी कमाल केली, कीं पुढच्या शतकांत सादीनें ‘बोस्तां’ ग्रंथांत त्यास टोमणा मारला. अखेर झहीरही दरबार सोडून तब्रीझमध्यें एकांतांत राहिला, व १२०१-०२ च्या सुमारास तेथेंच वारला. आज इतिहासाचा अभ्यासक सोडला तर किझिल अर्सलान हें नांव कोणाच्या तोंडीं आहे ? ज्यांच्या तोंडीं आहे त्यांच्या तें झहीरच्या कवितेमुळें व सादीच्या टोमण्यामुळें. राजा देणारा आणि कवि घेणारा, असें त्या वेळीं दोघांसही वाटत होतें. काळानें हिशेब उलट मांडला.

हा उलटा हिशेब केवळ अलंकार नव्हे. तो इतिहाससंशोधनांतील एक सिद्ध गोष्ट आहे. तब्रीझचेच सुपुत्र अहमद कसरवी ह्यांनीं १९२८ पासून ‘शहरयारान-इ-गुमनाम’, म्हणजे विस्मृत राजे, हा ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. दहाव्या-अकराव्या शतकांत आझरबैजान व अर्रान प्रांतांवर राज्य करणाऱ्या लहान राजघराण्यांची माहिती जवळजवळ नष्ट झालेली होती. तवारिखांत त्यांचे उल्लेख तुटक, नाण्यांवरील नांवें अर्धवट. ह्या अंधारांत कसरवींनीं हातीं घेतला तो कतरानचा दिवाण. कोणत्या राजास कोणता कसीदा अर्पण केला, त्यांत कोणत्या लढाईचा, कोणत्या मुलाचा, कोणत्या तहाचा निर्देश आहे, हें बारकाईनें ताडून त्यांनीं एकेक राजा पुन्हा उजेडांत आणला. ज्यांस फारशी नीट येत नाहीं म्हणून नासिरनें हिणविलें, त्या कतरानच्या ओळींच्या आधारें त्याच्या आश्रयदात्यांस इतिहासांत पुनर्जन्म मिळाला. भाटगिरी म्हणून आपण ज्या वाङ्मयाकडे नाक मुरडतों, तें पुढें कोणाच्या कामीं कसें येईल, हें सांगतां येत नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर जुळूं लागतें. थडगें हरवलें तरी कवि हरवला नाहीं, कारण प्रत्येक पिढींत कोणीतरी एक मनुष्य बसून त्याच्या ओळी उतरून घेत होता. ह्याचा एक ताजा दाखला आहे. १३२१ ते १३२३ ह्या काळांत तब्रीझमधील अबुल मज्द नांवाच्या एका गृहस्थानें आपणांस मोलाचे वाटलेले लहानमोठे २०९ ग्रंथ एकाच जाड पोथींत नकलून ठेवले : काव्य, तत्त्वज्ञान, वैद्यक, गणित, कोश, पत्रें, सर्व कांहीं. त्यांत तब्रीझच्या जुन्या बोलींतील कविताही आहे. तब्रीझमध्यें ज्या काळीं गाझानचा घुमट दिमाखानें उभा होता त्याच काळीं, कोणत्याशा घरांत, ही पोथी शाई आणि बोरूनें सिद्ध होत होती. घुमट गेला. पोथी सहा शतकांहून अधिक काळ कोठेंतरी पडून राहिली, आणि १९९५ त इराणच्या संसदेच्या ग्रंथालयानें ती मिळविली. ‘सफीना-इ-तब्रीझ’, म्हणजे तब्रीझची नौका, हें तिचें नांव. बुडालेल्या नगरींतून एक नौका तरून आली, असें म्हटल्यास तें अयोग्य होणार नाहीं.

सुर्खाब येथें एक कबर मात्र निःसंशय ओळखतां येते. ती शहरयार ह्या टोपणनांवानें लिहिणाऱ्या मुहम्मद हुसेन बेहजत तब्रीझी ह्या कवीची. जन्म १९०६, मृत्यु १९८८. तेहरान येथें तो वैद्यकी शिकत होता. पदवी हातीं येण्याच्या बेतांत असतांना त्यानें तें शिक्षण सोडलें. त्याच्या फारशी गझला इराणभर गेल्या. पण त्याचें ज्या काव्यानें सीमेपलीकडेही नांव झालें तें ‘हैदरबाबास सलाम’ फारशींत नाहीं. १९५४ त प्रसिद्ध झालेलें हें काव्य त्याच्या आईच्या भाषेंत, आझरबैजानी तुर्कींत आहे, आणि त्याच्या बालपणच्या खेड्याजवळील एका डोंगरास तें उद्देशून आहे. कारण मधल्या शतकांत तब्रीझची जुनी बोली जाऊन तिच्या जागीं तुर्की आली. कतरानप्रमाणें शहरयारही फारशी शिकून तिचा कवि झाला. परंतु त्यानें आईच्या भाषेसही तिचें देणें दिलें. त्याची पुण्यतिथि आज इराणांत काव्यदिन म्हणून पाळली जाते.

ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे सुर्खाबच्या मातीचें वैशिष्ट्य ध्यानांत येतें. असदी तूसचा, झहीर फारयाबचा, खाकानी शिरवानचा; हे सगळे पाहुणे. कतरान, १३१४ त वारलेला हुमाम व शहरयार हे घरचे. पण त्यांच्या घरांतली बोली फारशीहून वेगळी. ज्यांना आज आपण एका वाङ्मयाचे मानकरी म्हणतों, ते जन्मानें एका गांवचे नव्हते आणि एका बोलीचेही नव्हते. वाङ्मय हें रक्तानें वारसाहक्कानें मिळत नाहीं. जो तें शिकतो, जपतो व पुढें देतो तोच त्याचा वारस. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आपणां सर्वांस हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

स्मारकें उभारूं नयेत, असा ह्याचा अर्थ नाहीं. तब्रीझच्या त्या कमानी पाहून एखाद्या तरुणानें घरीं जाऊन खाकानीचा दिवाण उघडला, तर त्या कमानींचें काम झालें. पण त्या भूमीखालची भेग अजून निजलेली नाहीं, आणि काँक्रीटलाही आयुष्याची मर्यादा आहे. असदीनें दाखल्यासाठीं ओळ उतरून घेतली, अबुल मज्दनें पोथी नकलली, कसरवींनीं दिवाण पानापानानें तपासला. ह्या तिघांनीं कवींसाठीं जें केलें तें करण्यास वर्गणी, समारंभ किंवा सरकारी मंजुरी लागत नाहीं. तें आपल्या घरांतल्या कपाटापाशीं बसूनही करतां येतें.